बट्टी सोडली आणि लो-कार्ब धरली

सुरतेत बियर मिळत नाही हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी रोजचा पिणारा नव्हतो हे पुढे पटवत बसायला नको. गुजरातेत दारूबंदी. चोरून आणणारे आणतात, पण माझी तेवढी छाती नाही. मी प्यायचो ते वर्षातून चार-पाच वेळा, लग्नाकार्याला गावाकडे गेलो की. आम्ही नंदुरबारकडचे. गाडीनं सीमेवरचं नवापूर सोडलं की आमच्या सुरतवाल्या खानदेशी गड्यांच्या तोंडावर एकदम कळा येते आणि शेजारी बसलेल्या बायका खिडकीकडे तोंड फिरवतात.

सुरतेतल्या पर्वत पाटिया भागात एका साडीच्या पेढीवर मी कामाला आहे. काम काय, तर साडीच्या डब्यावर काय छापायचं ते ठरवायचं. माल सगळा पॉलिएस्टर. पण डब्यावर मी लिहितो 'सिल्क टच', 'कॉटन फील', 'रॉयल लुक'. खोटं कुठंच लिहीत नाही हं! टच म्हटलंय, सिल्क आहे असं कुठं म्हटलंय? शेठ खूश, गिऱ्हाईक खूश. वीस वर्षं असंच चाललंय.

चार वर्षांपूर्वी मला साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जेवणाचं पथ्य सांगितलं. बायको माझ्या शेजारी बसून एकेक शब्द ऐकत होती आणि मी मोबाईलवर नव्या डब्याचा रंग बघत होतो. बियर बंद, एवढं मात्र मला ऐकू आलं. जीवच गेला माझा. भात गेला, जिलबी गेली, आता हीसुद्धा?

मग एक दिवस मोबाईलवर ते रील आलं. पोट सपाट असलेला एक गडी, पायात पळायचे बूट, हातात घाम फुटलेला टिन. म्हणे लो-कार्ब बियर! व्यायाम करा, प्या, मजा करा. एक पाहिलं तर मागून दहा आली. एकात तर एक बाई सॅलडच्या वाटीशेजारी टिन ठेवून हसत होती. बियर नाही, जणू काकडीच! पेढीवर आम्ही सगळ्यांनी बघितलं. सगळे पन्नाशीचे, सगळे पोटवाले, आणि निम्म्यांना साखर. "हे आपल्यासाठीच काढलंय," एकजण म्हणाला. मला ते शंभर टक्के पटलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय! ज्यानं आयुष्यभर डबे रंगवले तो दुसऱ्याच्या डब्याला भुलला.

त्याच उन्हाळ्यात साडूंच्या मुलीचं लग्न होतं. मांडवाच्या दिवशी सकाळी आम्ही गावात पोचलो. साडू तसे दिलदार. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्यासाठी खास मागवलीय. साखरवाल्यांची बियर." हिरवा टिन, वर पान काढलेलं. मी टिन हातात घेऊन सगळं वाचलं, अगदी बारीक अक्षरसुद्धा. कार्ब खरंच कमी होते. मी खूश.

आता माझं डोकं कसं चाललं ते ऐका. दुपारी पंगतीला वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती. आमच्याकडे मांडवाला वरण-बट्टी नसेल तर लोक नावं ठेवतात. तुपात बुडालेली बट्टी समोर आली आणि मी हिशेब मांडला. बट्टी म्हणजे गहू, गहू म्हणजे कार्ब. बियरमध्ये कार्ब नाहीत. मग बट्टी सोडायची आणि बियर घ्यायची, म्हणजे पथ्यही पाळलं आणि हौसही झाली! जेवणाआधीची गोळी तर मी इमानदारीत घेतली होती. वाढणारा आग्रह करत होता, मी पानावर हात आडवा धरला आणि उठलो. चुलत सासऱ्यांनी कौतुकही केलं, "जावई पथ्याचे पक्के आहेत." घराच्या मागं लिंबाखाली साडू बसले होते. तिथं मी तीन टिन संपवले. पोटात दुसरं काही नाही.

पुढचं मला तुटक आठवतं. हात थरथरायला लागले. घाम सुटला, उन्हाचा नव्हे, गार. साडू काहीतरी विचारत होते आणि माझी जीभ वळत नव्हती. उठायला गेलो तो तिथंच बसलो, मग आडवा झालो. कुणीतरी हसलं. "सुरतवाल्यांना तीन टिनमध्येच चढते," असं कानावर पडलं. दोघांनी उचलून मला खोलीत खाटेवर टाकलं. "झोपू द्या, उतरली की उठतील." त्यांचं काय चुकलं? पिऊन पडलेला माणूस झोपूनच उठतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मला ओरडून सांगायचं होतं की ही नशा नाही. पण काय आहे ते मलाच कळत नव्हतं, आणि तोंडातून शब्दही निघत नव्हता. मी मरायला लागलोय एवढं मात्र पोटातून कळत होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

तेवढ्यात बायकोचा आवाज आला. तिनं माझ्या गार कपाळाला हात लावला, गालावर चापट मारली आणि दाराकडे तोंड करून किंचाळली, "यास्ले चढेल नई, यास्नी साखर उतरी गयी! गूळ आणा, लवकर!" आमची अहिराणी सुरतेत घराबाहेर तिच्या तोंडून फारशी निघत नाही. त्या दिवशी निघाली. मला बसतं करून तिनं गुळाचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं, प्रत्येक घोट गिळेपर्यंत थांबून. मग साडूंच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, "उपाशीपोटी दारू आणि वर ही गोळी! कार्ब मोजत बसलात, दारूचं काय? झोपू दिलं असतं तर उठला नसतात." टिनवर लिहिलेलं काही खोटं नव्हतं. टच होता, सिल्क नव्हतं, एवढंच.

आता मी पीत नाही. त्याचं कौतुक नको, भीतीनं सुटली ती. पेढीवर ज्यांना साखर आहे त्यांना मी हे सगळं सांगतो, थोडे ऐकतात, थोडे नव्या रीलमधला नवा टिन दाखवतात. सकाळी जाग आली की पंख्याकडे बघत मी दोन मिनिटं नुसता पडून राहतो. बरं वाटतं, खरंच सांगतो. सुरतेत कोसाडच्या या दोन खोल्या, खालचा भाजीवाल्याचा ओरडा, नळाला पाणी आलं म्हणून बायकोची धावपळ, हे सगळं मला फुकटात परत मिळालंय.

मागच्या महिन्यात ती भाकरी थापत होती, मी समोर जेवत होतो. सहज म्हणालो, "सगळं घर मला पिऊन पडलेला समजत होतं. तुला बरं कळलं गं!"

तिचे हात थांबले.

"मलाही नव्हतं कळलं," ती म्हणाली. "आधी एकदा येऊन गेले होते मी खोलीत. वास आला. बहिणीच्या मांडवात, माहेरच्या माणसांसमोर नवरा असा पडलेला बघून इतकी लाज वाटली की नाकाला पदर लावून परत फिरले. हळदीच्या गाण्यात जाऊन बसले सुद्धा. मग वाढणारा सांगायला आला, तुमच्या यांनी बट्टीला हातच लावला नाही. तेव्हा डॉक्टरांचं आठवलं, गोळी घेतली की जेवलंच पाहिजे. तेव्हा पळाले."

"आलीस ना पण."

"आले. पण स्वप्नात अजून मी गाणीच म्हणत बसते. उठतच नाही."

ती हे तीन वर्षं एकटी घेऊन झोपत होती आणि मी शेजारी घोरत होतो. मी ताटावरून उठलो, तिच्याजवळ खाली बसलो आणि तिचा पिठानं भरलेला हात उचलून माझ्या कपाळावर ठेवला. "बघ," म्हणालो, "कोमट आहे."

तिनं हात बराच वेळ काढला नाही. तव्यावरची भाकरी करपली.