अमावास्येचा समुद्र

ओहोटीनं उघड्या पडलेल्या खडकांना एक वास असतो. शेवाळाचा, खाऱ्या ओलीचा, आणि कोवळी उन्हं पडू लागताच त्या ओलीतून वर येणारा, जिभेवर लोखंडाची चव ठेवून जाणारा. मालवणला आल्यापासून सकाळ म्हटली की मला हाच वास आठवे. आमच्या मराठवाड्यातल्या गावी सकाळला गोवऱ्यांच्या धुराचा वास होता. घरापासून इतक्या लांब आलेला माणूस नव्या जागेशी आधी नाकानंच ओळख करून घेत असावा. माझी तरी या समुद्राशी ओळख तशीच झाली, आणि ती ओळख किती एकांगी आहे हे कळायला मला चार वर्षं लागली.

मी गवंडी. सातवीत होतो तेव्हा वडील परांचीवरून पडले, त्यांची थापी माझ्या हातात आली आणि शाळा जिथल्या तिथं राहिली. कामामागं फिरत फिरत या किनाऱ्याला लागलो. आमची कामं बहुतेक असायची आत, धामापूरच्या बाजूला. उजाडायच्या आत टेम्पोत बसायचं, दिवसभर चिऱ्यावर चिरा चढवायचा आणि दिवेलागण उलटून गेल्यावर खोलीवर परतायचं. आमच्या धंद्यात अमावास्येला काम बंद असतं. तो एक दिवस मी समुद्राला देऊन टाकला होता. फटफटलं की निघायचो, आणि पोचायचो तेव्हा पाणी दूर, अगदी दूर गेलेलं असायचं. खडकांच्या खळग्यांत आभाळाचे लहान लहान तुकडे सांडलेले असायचे आणि त्या तुकड्यांत खेकड्यांची, शंखांची, केसाएवढ्या माशांची लगबग चाललेली असायची.

हे सगळं मी कधी लिहीन असं मला वाटलं नव्हतं. ते परुळेकर बाईंमुळं झालं. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या कुंपणाची भिंत बांधताना जेवणाच्या सुटीत मी भाकरी गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्राचा कागद सरळ करून जाहिरातींसकट वाचत बसायचो, ते त्यांनी पाहिलं. आधी त्यांनी पुस्तकं दिली, मग एक वही दिली, मग एके दिवशी म्हणाल्या, "नामदेव, खडकांवर काय काय बघतोस ते मला सांगतोस ना, ते आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सांगतोस असं समजून लिही." हे ऋण कुठल्या शब्दांत मांडावं ते मला अजून सुचलेलं नाही. 'खडकावरची सकाळ' हे लहानसं पुस्तक त्या वहीतून आलं. शेजारच्या तालुक्यातल्या एका छोट्या प्रकाशकानं ते घेतलं, चित्रं काढून घेतली, आणि मी रात्री झोपेनासा झालो.

कारण भीती. छापलेलं चुकीचं असू शकतं ही कल्पनाच आमच्या घरात नव्हती. पाठ्यपुस्तकात जे आहे ते आहे. वडिलांना अक्षरओळख नव्हती, तरी पुस्तकाला पाय लागला तर ते स्वतः वाकून नमस्कार करत. आता त्या पुस्तकांच्या जातीचं एक पुस्तक सातवी पास माणसाच्या हातून बाहेर पडणार, आणि कुठलंसं पोर त्यावर बोट ठेवून, ओठ हलवत, प्रत्येक शब्द खरा मानून वाचणार. बाईंना ही भीती कळली असावी. त्यांनी माझ्या प्रत्येक वाक्यापाशी पेन्सिलीनं एक छोटं वर्तुळ काढून दिलं आणि हे तुला कसं ठाऊक, ते त्या वर्तुळाशेजारी लिहायला सांगितलं. मी इमानानं भरत गेलो. शंखातला खेकडा घर बदलतो: स्वतः पाहिलं. कालवं खडकाला चिकटून वाढतात: घरमालकीण शेवंतीकाकीला विचारलं. तारामाशाचे हात मोजण्यात तर माझ्या दोन अमावास्या गेल्या. आणि पुस्तकाच्या अगदी पहिल्या वाक्याशेजारी, 'रोज सकाळी समुद्र मागे सरतो आणि मुलांसाठी खडक मोकळे करून देतो', मी कसलाही विचार न करता लिहिलं होतं: स्वतः पाहिलं, पुष्कळ वेळा.

प्रुफं आली तेव्हा आंब्यांना मोहोर होता. मी ती घेऊन शेवंतीकाकीच्या पायरीवर जाऊन बसलो. खडकावरची कालवं काढून विकण्यात तिचा जन्म गेला. कोयत्याच्या टोकानं शिंपी फोडता फोडता ती ऐकत होती. मी पहिलं वाक्य वाचलं आणि तिचा हात थांबला.

"रोज सकाळी? ह्या कोणी सांगल्यान रे तुका?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? मी स्वतः पाहिलंय, काकी."

"तू बघलंस ता अमाशेचा. समुद्र काय तुझी सुटी बघून मागे जाता?" आणि ती इतकी हसली की शेजारची कोंबडी पळाली. मग एकाएकी हसू पुसून तिनं चित्राकडं बोट केलं. चित्रात एक लहान मुलगी टोपली घेऊन शेवटच्या काळ्या खडकावर बसली होती. त्या जागेचा फोटो मीच चित्रकाराला काढून पाठवला होता. "ह्या चेडवाक थंय कशाक बसयलंस? थंय पाणी फुडसून येणा नाय, पाठसून येता. तिका कळाच्या आधी वाट बंद."

मी म्हणालो, मग पाणी कधी येतं? ती म्हणाली, तिथ धरायची, तिच्या आकड्याची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी पूर्ण भरतं. तिच्या आजीनं तिला तसं शिकवलेलं. "अष्टमीक सकाळी सहाक जा. मगे सांग माका, टोपली खंय गेली ती."

अष्टमी चार दिवसांवर होती. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. भिंत सरळ चढतेय का ते बघायचा ओळंबा लावायलाच मी विसरत होतो. मुकादमानं एक अख्खा थर उतरवायला लावला. मनात मी काकीलाच खोटं ठरवू पाहत होतो, तिचा हिशेब जुना असेल, समुद्र बदलला असेल, काहीही. अष्टमीला एका दिवसाची रजा टाकून अंधुक उजेडात किनाऱ्यावर पोचलो, आणि आधी वास आला नाही. शेवाळाचा नाही, लोखंडाचा नाही. फक्त भरल्या पाण्याचा, कसलाही गंध नसलेला गारवा. खडक नव्हतेच. जिथं माझी मुलगी टोपली घेऊन बसली होती तिथं हिरवट करडं पाणी शांतपणे वर-खाली होत होतं, रागावलेलं नाही, घाईत नाही, जणू ते नेहमी तिथंच होतं. सूर्य सह्याद्रीच्या बाजूनं वर आला, पाण्यावर सोनं पसरलं, किनाऱ्यावर कुणी फिरायला आलेलं कुटुंब फोटो काढू लागलं. एवढं सुंदर दृश्य, आणि मी त्यात ती टोपली कुठं बुडाली ते शोधत होतो. मी खोटं लिहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं, प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे पाहिलं होतं. पण चार वर्षं मी एकाच तिथीचा समुद्र पाहत आलो होतो आणि त्याला 'रोज' म्हणालो होतो.

तसाच बाईंकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक तुझी एकट्याची नाही. मी या गावात जन्मले, पण त्या खडकांवर आम्ही मुली कधी गेलोच नाही. मला ते वाक्य आवडलं, म्हणून मी पुढं विचारलं नाही." त्यांच्या आवाजात मला माझीच भीती ऐकू आली, आणि का कोण जाणे, जरा धीर आला.

दुपारच्या एसटीनं प्रकाशकाकडं पोचलो. मुखपृष्ठ छापून झालं होतं, आतली पानं दुसऱ्या दिवशी यंत्रावर चढणार होती. संगणकावर बसलेला तरुण समजुतीनं म्हणाला, "अहो, मुलं काय एवढं बारीक बघतात? गोष्ट छान आहे की." मी एवढंच म्हणालो की भिंत ओळंब्यात नसेल तर रंगानं सरळ होत नाही, आणि तिच्याखाली मुलं खेळतात. मग त्यानं खुर्ची ओढून दिली.

चार वाक्यं बदलली. 'रोज' गेलं. आता पुस्तक असं सुरू होतं: 'आज अमावास्या. आजी म्हणाली, आज सकाळी खडक उघडे पडतील. उद्या थोडं उशिरा, परवा आणखी उशिरा.' मुलीला शेवटच्या खडकावरून उचलून किनाऱ्याजवळच्या खळग्यापाशी बसवलं; तिच्या मागं, वाटेवर लक्ष ठेवून उभी असलेली एक आजी चित्रकारानं एका संध्याकाळीत काढून दिली. मुखपृष्ठावरची सकाळ तशीच राहिली. एक सकाळ तर ती होतीच.

पुस्तक आलं. शेवंतीकाकीनं ते उलटंपालटं करून पाहिलं, "आता बरा आसा" म्हणाली आणि कामाला लागली. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं नाही. त्या पुस्तकात 'स्वतः पाहिलं' असं शेजारी लिहिलेली अजून कितीतरी वाक्यं आहेत, आणि त्यांतलं प्रत्येक आता रात्री मला जागं करून विचारतं, कधी पाहिलंस, कुठून पाहिलंस. इथल्या मुलांची मला तितकी काळजी नाही. त्यांना हसून चूक दाखवणारं कुणीतरी पायरीवर बसलेलं असतं.

पण गेल्या आठवड्यात गावाहून माझ्या भावाच्या मुलीचा फोन आला. चौथीतली सुमन. तिनं समुद्र पाहिलेला नाही, तिच्या आईनं नाही, शाळेतल्या सरांनीही नाही. पुस्तक तिच्यापर्यंत पोचलं होतं आणि तिला एकच गोष्ट विचारायची होती: "काका, आत्ता पाणी आत आहे का बाहेर?"

मी भिंतीच्या वरच्या थरावर उभा होतो. काम या खेपेला मालवणातच, किनाऱ्याच्या वस्तीत होतं. मधे माडांची दाट झावळं, पलीकडं नुसती गाज. दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला भरलेलं पाणी आता दुपारी बाराला उतरत असणार; उत्तर ओठांवर आलं होतं, बरोबरच असतं बहुधा. पलीकडं ती वाट पाहत होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

"थांब," मी म्हणालो, "फोन ठेवू नको," आणि थापी घमेल्यात टाकून परांचीवरून खाली उतरू लागलो.