आईची दुपारची झोप

आईचे डोळे सकाळी फार छळायचे. कापडे गावातल्या आमच्या घरी चुलीपुढे बसली की पदराच्या टोकाने ती ते पुसत राही. "वाळू हाय गो आत," म्हणायची. धुराने होत असेल, असं आम्ही धरून चाललो. पोलादपूरच्या मेडिकलमधून थेंब आणले, बाटल्या बदलल्या. मग एका सकाळी तिच्या उजव्या बुबुळाच्या खालच्या कडेला कणीएवढा पांढरा ठिपका दिसला.

महाडच्या नेत्रतज्ज्ञांनी तो पाहिला. "मी मोतीबिंदू करतो. हे माझ्या हातचं नाही," ते म्हणाले. "फक्त बुबुळाचे आजार बघणारा डॉक्टर लागेल. उशीर करू नका." त्यांनी पनवेलचा पत्ता लिहून दिला.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पापणीत कागदाची पट्टी अडकवून डोळ्यातलं पाणी मोजलं. ते फारसं कमी नव्हतं, म्हणजे दुखण्याचं कारण दुसरंच होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"या झोपतात कशा? पाहिलंय कधी?"

मी पोरांना शिकवणारी बाई, चाळिशीची. पण आईला झोपलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. ती आमच्यानंतर आडवी व्हायची, आमच्याआधी उठायची.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिला बळेच झोपवलं. श्वास संथ झाल्यावर मी वाकून पाहिलं. पापण्या अर्ध्यावरच थांबल्या होत्या. फटीतून बुबुळाची कड दिसत होती, कोरडी, निस्तेज. एक माशी पापणीवर येऊन बसली. आई हलली नाही. मी माशी हाकलली. मग मोबाइलवर फोटो काढला.

"पापण्या पुऱ्या मिटत नाहीत, म्हणून झोपेत बुबुळ सुकतं. तो ठिपका म्हणजे त्याचीच जखम आहे," फोटो पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषधं दिली, मलम दिलं, आणि झोपताना पापण्या चिकटपट्टीने बंद करायला सांगितल्या.

आई बिथरली. "मेलेल्याचे डोळे मिटवतात गो. माझे जितेपणीच चिकटवताव?"

तिला समजावण्यात आठवडा गेला, आणि तेवढ्यात जखम चिघळली. उजव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो. डावा अजून शाबूत आहे.

हल्ली पट्टी मीच लावते. ती माझं मनगट घट्ट धरून ठेवते. पकड ढिली होईपर्यंत मी जागची उठत नाही.