पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा

आई गेली त्यानंतर दोन महिन्यांनी वडिलांनी गवंड्याला बोलावलं. त्या दिवसांत आम्ही दोघं वाढलेलं जेवायचो आणि उठायचो, एवढंच.

पंचवटीतलं आमचं घर जुनं, चुन्यात बांधलेलं, भिंती दीड हात जाड. नव्वदच्या आसपास वडिलांनी ते विकत घेतलं. पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल यायची, पोपडे सुटायचे, पांढरा लोणा फुटायचा. वडील ओझरला कारखान्यात मशीनवर. बिघडलेलं काही त्यांना बघवत नसे. त्यांनी भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. ओल आणखी वर सरकली, तेव्हा दुसरा थर दिला. मग वॉटरप्रूफ रंग. आईची खाट त्याच भिंतीला लागून. तिला दमा होता. थंडीत ती भिंतीला गोधडी लावून, तिला टेकून बसायची.

गवंडी घोटीकडचा, वयस्कर. त्याने छिन्नीने एक तुकडा उडवला. ऐन मार्चमध्ये आतली वीट ओली होती. सांध्यातला चुना बोटाला लगद्यासारखा लागला.

"शिमिट कोणी मारलं?"

"मी," वडील म्हणाले.

"पाणी खालून चढतंय, साहेब. चुन्याची भिंत ते बाहेर टाकते, उन्हाळ्यात सुकते. शिमिटनं वाट बंद झाली. ओल आतच ऱ्हायली, लय वर्षं."

"म्हणजे मी हात लावला नसता तर?"

आई दम्यानं गेली हे त्याला ठाऊक नव्हतं. "तर एवढी नसती झाली," तो सहज म्हणाला.

मला वाटलं, वडील आता कोसळतील. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा ठेव." मी ठेवला. दूध उतू जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवसापासून वडील स्वतः छिन्नी घेऊन सिमेंट काढायला बसले. बाहेरच्या बाजूला भिंतीलगत चढलेली माती काढली, चर खणून खडी भरली, मोरीचं पाणी दुसरीकडे वळवलं. उन्हाळाभर भिंत उघडी ठेवली. पाऊस यायच्या आधी गवंड्याने चुन्याचा गिलावा केला. त्या पावसाळ्यात फक्त तळाशी वीतभर ओल दिसली. थंडीत खोली पूर्वीसारखी गारठली नाही. मला बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

मी एकदा म्हणाले, "आईला लहानपणापासून दमा होता, बाबा."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि पेपर उलटला.

पुढच्या वर्षी शेजारचे काका थापी मागायला आले. त्यांच्याही भिंतीला ओल होती, सिमेंटची गोणी दारात येऊन पडली होती. वडिलांनी थापी दिली नाही. त्यांना आत नेलं, भिंतीला हात लावायला लावला.

"सिमेंट लावू नका. मी लावलं होतं," ते म्हणाले. "माझी बायको या भिंतीशी झोपायची."

वर्षभरात त्यांच्या तोंडून मी आईचा उल्लेख पहिल्यांदाच ऐकला. संध्याकाळी काकांनी गोणी दुकानात परत पाठवली आणि गवंड्याचा पत्ता लिहून घ्यायला आले.