देठाला धरलेला घड

“खुर्ची अजून मागे घे. कॅमेऱ्यात तुझं कोपर दिसतंय.”

सर हसत बोलले. मी खुर्ची भिंतीला टेकवली. गंगापूर रोडवरचं त्यांचं ऑफिस, परदेशातल्या क्लायंटची व्हिडिओ मीटिंग, आणि पडद्यावर माझं चित्र. मी काढलेलं. मी मात्र दिसायची नाही. काही अडलं तर कागदावर लिहून सरकवायचं, एवढंच माझं काम.

सरांकडे येण्याआधी वर्षभर मी एकटीने कामं शोधली होती. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची मी. फोनला रेंज यावी म्हणून टेकडीवर चढायचं आणि फ्रीलान्सिंगच्या साइटवर अर्ज टाकत बसायचं. उत्तर आलंच तर एकच, आधी केलेलं काम दाखवा. काम मिळाल्याशिवाय दाखवू काय? तेव्हा सर भेटले, डिझाइन स्टुडिओचे मालक. म्हणाले, “तुझं इंग्रजी कच्चं. क्लायंट मी आणतो, तू फक्त डिझाइन कर. नाव स्टुडिओचं.” मी हो म्हटलं. माझीच चूक. दोन वर्षं डिझाइनं केली, आणि स्वतःचं म्हणून दाखवायला एकही नाही.

त्या दिवशीचं काम द्राक्षांच्या खोक्याचं होतं. मी एक हात काढला होता. चिमटीत देठ, देठाखाली लोंबता घड. क्लायंट बाईंनी विचारलं, बोटं द्राक्षांना लागतच नाहीत, असं का?

सर गडबडले. मी कारण लिहून कागद सरकवला. त्यांनी बघितलाही नाही. इंग्रजीत म्हणाले, “ज्युनियर मुलगी आहे, तिला काही कळत नाही. आम्ही दुरुस्त करून देतो.”

मला काही कळत नाही?

तो हात माझ्या आईचा होता. दर हंगामात आई-बाप मुकादमाबरोबर दिंडोरीच्या बागांत जायचे. मीही गेलेय. मण्यांवर पांढरट थर असतो. बोट लागलं की तो पुसला जातो, डाग दिसतो, माल परदेशी जात नाही. म्हणून घड देठालाच धरायचा. आई मला दटावायची, “मन्याला हात नको लावू, मुकादम वरडंल.” बागाईतदार फक्त मुकादमाशी बोलायचा. “किती डोकी आणली?” एवढंच विचारायचा. आईला नाव आहे, हे त्याला कधी कळलंच नाही.

आणि मी शिकूनसवरून, एसीत बसून, पुन्हा मुकादमाच्याच हाताखाली. डोकं गरम झालं.

मी खुर्ची ओढली आणि सरांच्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर बसले.

मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पांढरा थर, देठ, आई. माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. चित्र मी काढलंय म्हणून सांगितलं. बाई काही बोलणार, तोच सरांनी लॅपटॉप मिटला.

“तुम्हा लोकांना खुर्ची दिली की डोक्यावर बसता.”

“खुर्ची तुम्ही भिंतीला लावली होती सर. पुढे मी आणली.”

मी जिना उतरले. खोटं कशाला बोलू, भीतीच वाटत होती. त्या बाईंचा निरोप कधी आला नाही. खोक्यावरचा हातही बदलला म्हणे, आता बोटं द्राक्षांत रुतलेली आहेत.

मी पेठ रोडला खोली घेतलीय. पुन्हा अर्ज टाकते. सगळ्यात वर आईचा हात, खाली माझं नाव. उत्तरं कमीच येतात. फोन वाजला की पहिल्याच रिंगला उचलते.

काल वाजला. पुण्याचा एक स्टुडिओ. भरपूर काम आहे म्हणाले. “फक्त क्लायंटसमोर नाव आमचं राहील हं.”

महिनाभर हाताला काम नव्हतं. तरी म्हटलं, “मग चित्रंही तुम्हीच काढा.”

आणि फोन मीच ठेवला.