आईनं वाढवलेलं वय

वकिली सुरू करून मला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि काळा कोट चढवला की मी स्वतःला नाटकातला राजा समजायचो. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात वरिष्ठांनी एक फुकटची केस माझ्या गळ्यात मारली. लकडगंजच्या लाकडाच्या टालीवरून करवतीचं पातं चोरल्याचा आरोप. आरोपीला मिसरूडही फुटलेलं नव्हतं. हातकडी निसटू नये म्हणून बिचारा स्वतःच मूठ आवळून उभा होता!

पोलिसांनी वय लिहिलं होतं अठरा. ते खरं धरलं तर संध्याकाळी तो तुरुंगात, पक्क्या चोरांच्या बराकीत. सोळाच्या आतला ठरला, तर मुलांच्या कायद्याप्रमाणे बालन्यायालयात. कोर्टाच्या पायरीवर मी त्याच्या आईला हे समजावलं.

"अठराचाच आहे माहा पोरगा."

"मावशी, खोटं काहून बोलता?"

"जेलातून माणूस महिन्याभरात येते, वकीलसाहेब. आमच्या गल्लीतलं पोट्टं रिमांड होमात गेलं, ते मिशा घेऊन वापस आलं!"

मला हसू आलं, तरी तिची भीती काही खोटी नव्हती. पण बराक तिनं पाहिली नव्हती, मी पाहिली होती.

पुकारा झाला. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "बाई, मुलाचं वय?"

"अठरा." खणखणीत आवाज. सरकारी वकील कागद आवरू लागले.

मी कोट सावरला. "मावशी, छप्पनला धम्मदीक्षेच्या दिवशी तुम्ही मैदानावर होता?"

"याचा इथे काय संबंध?" सरकारी वकील उसळले. पण बाई उजळली होती. त्या दिवसाबद्दल तिच्या वस्तीत कुणी खोटं बोलत नसे.

"होती म्हणजे? कामठीहून पायी गेलती मी!"

"मग हा तेव्हा केवढा होता?"

"केवढा कायचा? पोटात होता! सातवा महिना. सासू नाही म्हणे, तरी गेली."

मॅजिस्ट्रेटनी बोटांवर वर्षं मोजली. पंधराही भरत नव्हती.

"हातकडी काढा. बालन्यायालयात न्या याला."

मी मनातल्या मनात टाळ्या घेत होतो, तोच बाई अंगावर आली. "फसवलं ना मले!" मग तिनं पोराचं मोकळं मनगट पकडलं, ते सोडेचना.

"सोड वं बाई," हवालदार काकुळतीला आला, "याले पोचवायचं आहे मले."

"पोचव ना. मलेबी पोचव."

शेवटी सायकलरिक्षात एका कडेला हवालदार, दुसऱ्या कडेला पोरगा आणि मधोमध आई. माझ्याकडे न बघता ती रिक्षावाल्याला म्हणाली, "चाल गा. पण हळू चाल."