बागेसाठी राखीव

दर सोमवारी एक गृहस्थ नगरपालिकेत माझ्या टेबलाशी यायचे. छत्री कोपऱ्यात टेकवून विचारायचे, "साहेब, आमचा रंग बदललान काय हो कुणी?" विकास आराखड्यात त्यांची चार गुंठे जागा सार्वजनिक बागेसाठी राखीव होती, घर बांधायला परवानगी नव्हती. नकाशात तिथे हिरवा रंग मीच भरला होता. नाही म्हटलं, की त्या तुकड्यावरून बोट फिरवून ते निघायचे.

एकदा मी जागेच्या पाहणीला गेलो. मोकळ्या जमिनीवर त्यांनी जांभ्या चिऱ्यांची एकेक ओळ मांडून खोल्या आखल्या होत्या. चिऱ्यांवर शेवाळ चढलं होतं. मी सरळ ओलांडायला लागलो, तसे ते म्हणाले, "अहो, भिंतीतून कुठे येताय? दार इकडे आहे."

मी वळसा घालून दाराशी गेलो आणि वहाणा काढल्या.