चेपलेली बिंदली

माझ्या तोंडून आमच्या गावानं हजार गोष्टी ऐकल्या असतील. कृष्णेच्या पुरात मगरीच्या पाठीवर बसून मी कराडहून थेट आमच्या घाटावर उतरलो, ही एक. माझ्या मळ्यातला ऊस असा वाढला की शेंड्यावर चढलं तर साताऱ्याचा किल्ला दिसायचा, ही दुसरी. मी फेकतोय हे लोकांना ठाऊक असायचं, त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक असायचं, आणि त्यात कुणाचं काही जात नव्हतं. पण एक गोष्ट गावानं खरी मानली. ती खोटी आहे, हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. लेकीपुढं नाही, देवापुढंसुद्धा नाही. बोलायला गेलो तर सवयीनं तिखटमीठ लावीन, म्हणून लिहितोय.

लढाईचे दिवस होते. इस्लामपूरच्या अंगाला आमचं गाव, निम्मे तरणे पलटणीत गेलेले. पारावर ऐकायला म्हातारे उरले होते आणि सांगायला मी. माझी बायको गोदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, शिराळ्याच्या पलीकडं डोंगरात. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीतच. या रीतीनंच पुढं माझं फावलं.

मुलगी झाल्याचा सांगावा आला आणि मी गाव डोक्यावर घेतलं. कराडच्या सोनाराकडून चांदीच्या बिंदल्या घडवून आणल्या, बाळाच्या दोन मनगटांत घालायची जोडी. अख्ख्या गावाला दाखवल्या. 'माझी पोर या बिंदल्या घालून मूठ आपटंल तर भिंतीला भोक पडंल,' असं काय काय बोललो. ओढे भरून वाहत होते, आईचे गुडघे धरलेले, म्हणून बारशाला मी एकटाच गेलो.

गोदानं लेक माझ्या मांडीवर ठेवली. उजव्या मनगटात मी बिंदली घातली. डावा हात दुपट्यात होता. मी दुपटं काढायला लागलो तशी गोदा म्हणाली, "आवं, जरा थांबा." मी थांबलो नाही.

डावा हात मनगटाशीच संपत होता. आणि त्याच्या टोकाला — हे मी कधी कुणाला सांगितलं नाही — तांदळाच्या दाण्याएवढे पाच मणी होते. पाच बोटांच्या जागी पाच. एकावर तर नखसुद्धा होतं, बघायला डोळे बारीक करावे लागतील एवढं. बाळ ते मणी हलवत होतं. मला धरू बघत होतं.

मी काय केलं असेल? दुसरी बिंदली बंडीच्या खिशात टाकली.

माहेरच्या बायकांत कुजबुज होती की गोदानं ग्रहणात विळीला हात लावला असणार. गोदानं ग्रहणाचा सगळा वेळ अंधाऱ्या खोलीत, पाण्याचा घोटसुद्धा न घेता बसून काढला होता. तरी तीच विचारायची, "माझ्याकडनं काय चुकलं आसंल वं?" मग मी तिला आणि लेकीला घेऊन मिरजेला एका डॉक्टराकडं गेलो. त्यानं तो हात आपल्या तळव्यावर घेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाला, पोटात हात घडतो तेव्हाच कधी कधी असं होतं. आईनं काही केलेलं नाही, बापानं काही केलेलं नाही, ग्रहणाचा काही संबंध नाही. हात झाकू नका. तिला तो वापरू द्या, तिची ती शिकेल.

गोदा तिथल्या तिथं रडली. सुटल्यासारखी रडली. म्हणजे बघा — खरं काय ते मला माहीत होतं. मी अडाणी होतो म्हणून झालं, असंही म्हणायची सोय नाही.

गावात परतलो. लोकांनी विचारलं, पोर कशी हाय? मी म्हणालो, चंद्राची कोर हाय. बिंदल्या बसल्या का? मी म्हणालो, बसल्या, रुतल्या.

झालं. आता त्या हाताला गावात कसं आणायचं? पेरणी झाली की आणतो, गुऱ्हाळ उरकलं की आणतो, असं करत दीड वर्ष मी मायलेकींना माहेरीच ठेवलं. शेवटी आईच म्हणाली, "नात बघायच्या आधी मला तिरडीवर घालतोस का रं?"

तेव्हा मी गोष्ट रचली. मन लावून रचली. शिराळ्याकडं गुऱ्हाळ चालू होतं, बैल चरक ओढत होते, ऊस पिळला जात होता. पोर दुडुदुडु चालत चरकापाशी गेली. उसाच्या कांड्याबरोबर हात आत गेला. मी धावलो, एका हातानं दोन्ही बैल जागच्या जागी रोखले, नाहीतर खांद्यापर्यंत गेला असता. पारावर सांगताना मी उठून कासरे ओढूनसुद्धा दाखवले. आणि खूण? खूणही केली. खिशातली ती कोरी बिंदली मळ्यातल्या विहिरीच्या धक्क्यावर ठेवली आणि दगडानं ठेचली. चपटी होईस्तोवर ठेचली. ती पारावर या हातातून त्या हातात फिरली. एका म्हाताऱ्यानं ती कपाळाला लावली.

मग त्यानंच विचारलं, "आन् आई कुठं हुती पोरीची?"

हा प्रश्न मी धरलाच नव्हता. गोष्टीत भोक राहिलं तर सांगणाऱ्याचा जीव जातो. मी म्हणालो, "बायकांत बोलत बसली हुती. लक्ष न्हवतं."

बस. एवढंच. श्वास घ्यायला लागतो तेवढ्या वेळात मी तिला विकली.

गोदाला हे काही सांगितलं नव्हतं. बैलगाडी वेशीत आली, बायका भाकरतुकडा ओवाळायला आल्या, आणि त्यांतली एक म्हणाली, "गोदे, पोर चरकापाशी टाकून गप्पा हाणीत बसलीस व्हय गं?" गोदानं माझ्याकडं पाहिलं. मी बैलांच्या कासऱ्याकडं पाहिलं. घरी आल्यावर ती मला एकच बोलली, "पोरीच्या रगताला कुणी नाव ठिवाय नगं म्हणून केलंसा न्हवं?" मी व्हय म्हणालो. ते खरं नव्हतं. माझ्या नावाला नाव नको म्हणून केलं होतं. भिंतीला भोक पाडणारी मूठ मी आधीच गावाला सांगून बसलो होतो ना!

तेव्हापासून गोदा गावाची बोलणी खात राहिली. पाणवठ्यावर कुणाचं पोर रांगत पुढं गेलं की कुणीतरी म्हणायचं, "बघ गं, गोदेवानी करू नगंस." आई तर उठता बसता ऐकवायची. डावा हात दिसू नये म्हणून मी त्याला खोळ शिवून घेतली होती. आत ते पाच मणी होते ना — चरकात गेलेल्या हाताला मणी कसे राहतील? घरात मात्र गोदा खोळ काढून ठेवायची. मनगटाच्या टोकानं दाबून धरून पोर परकराची नाडी बांधायला शिकली, शेंगा फोडायला शिकली. डॉक्टर म्हणाला होता तसंच.

शेवंता — माझी लेक — सहा वर्षांची झाली तेव्हा तिनंच मला गाठलं. आम्ही उसाच्या बांधावर होतो. तिनं खोळ ओढून काढली, हात माझ्या नाकाशी धरला.

"आबा, हात चरकात गेला तर हे कशानं ऱ्हायलं?"

सांगायची वेळ होती. माझ्या आयुष्यात याहून सोपी वेळ आली नव्हती. समोर तोडलेल्या उसाचं रान होतं, बुडख्यांतून हिरवे कोंब वर आले होते. आणि माझी जीभ — काय सांगू — माझ्या आधी धावली.

"आगं, ऊस तोडला की खोडवा फुटतो का न्हाई? तशी तुझी बोटं फुटाय लागल्यात!"

काय हसली ती! असं हसू मी कुणाच्या तोंडावर आणलेलं नाही, हजार गोष्टी सांगून.

पुढं वर्षभर ती पाटाला पाणी सुटलं की काठावर जाऊन बसायची, मणी पाण्यात बुडवून. एकदा उसाच्या सरीत मातीत हात पुरून बसलेली गोदाला दिसली, वर शेणखत घातलेलं. गोदा तशीच धावत घरी आली. "आवं, आता तरी सांगा. तिला खरं सांगा." मी म्हणालो, "जरा मोठी हू दे."

खोडवा तुटला. त्याचा गूळ झाला. बोटं आली नाहीत.

त्या दिवशी गोदा चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, मी उंबऱ्याशी बसलो होतो. शेवंता आत आली ती रडत नव्हती, पेटली होती. "आजी म्हंती बुडखा निगुतीनं राखला तरच खोडवा फुटतो. तू मला राखलं न्हाईस. तू गप्पा हाणीत बसलीस. तुझ्यामुळं गेला माझा हात!"

गोदाचे हात पिठात तसेच राहिले. तिनं पोरीकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. ती थांबली. तव्यावरची भाकरी करपायला लागली, वास सुटला, तरी ती थांबली. मी बोलावं म्हणून.

मी बोललो. मी म्हणालो, "जाऊ दे शेवंता. आईकडनं चुकलं एकडाव. माफ कर तिला."

लिहिलं. शेवटी लिहिलं. बिंदली ठेचणं नाही, खोडवाही नाही — हे. माझ्या बायकोला, जिनं काहीच केलं नव्हतं तिला, मी तिच्या लेकीकडून माफी मिळवून दिली.

आणि पोर माझी मनाची मोठी. घुटमळली, मग पुढं झाली, आणि तो डावा हात तिनं आईच्या पिठाळ हातांवर ठेवला. "केली माफ," म्हणाली.

गोदानं मान डोलावली. मग करपलेली भाकरी उलटली.

गोदाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती गेली तोवर रोज वेळ होती — एकही दिवस असा नव्हता की सांगता आलं नसतं. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

शेवंताचं चांगलं चाललंय. नातवंडं माझ्या अंगाखांद्यावर वाढली, हातीपायी धड आहेत. ती त्यांना चरकाची गोष्ट सांगते. माझ्यावर गेलीय, फार झकास सांगते. आबांनी एका हातानं दोन बैल कसे रोखले, आईचं एकदाच कसं लक्ष चुकलं, आणि आपण तिला कसं माफ केलं. शेवटी देव्हाऱ्यातून ती बिंदली काढून पोरांच्या हातावर ठेवते. मी शेजारी बसलेला असतो. मान डोलावतो.

चरकाच्या फिरत्या रुळांतून निघालेली चांदी पत्र्यासारखी गुळगुळीत झाली असती. हिच्यावर दगडाचे टोले आहेत. सात-आठ, वेडेवाकडे, बोट फिरवलं तर लागतात. पोरं ती बिंदली हातात घेतात, उलटीसुलटी करतात आणि आईला परत देतात.